नोकरीसाठी मस्कतला जाताना

६ ऑगस्ट २०१७ च्या पहाटे मी मस्कतच्या जुन्या विमानतळावर उतरलो, तेव्हा माझ्या हातातल्या फाईलमध्ये एकोणीस कागद होते. त्यातला प्रत्येक कागद मिळवण्यासाठी, दुरुस्त करण्यासाठी किंवा त्यावर शिक्का घेण्यासाठी मी आदल्या सहा महिन्यांत कुठे ना कुठे रांगेत उभा राहिलो होतो. आखातातल्या नोकरीबद्दल घरी आणि मित्रमंडळीत बोलणे व्हायचे ते पगाराचे, उन्हाचे आणि एकटेपणाचे. त्या देशात आपण कोण आहोत हे आपल्या कागदांवरून ठरते, आणि ते कागद एकमेकांशी जुळत नसतील तर पुढचे पाऊलच पडत नाही, ही गोष्ट मला आधी कोणी सांगितली नव्हती. म्हणून हा अनुभव त्याच अंगाने आणि शक्य तितक्या क्रमाने लिहितो आहे.

मी यांत्रिकी अभियंता आहे. शिवाजी विद्यापीठाची २००४ सालची पदवी आणि त्यानंतर पुणे परिसरात मोठ्या पंपांच्या देखभालीचा बारा वर्षांचा अनुभव एवढे माझे भांडवल होते. ओमानमध्ये पिण्याचे बरेचसे पाणी समुद्राचे खारे पाणी गोडे करून मिळवतात आणि ते पंपांनी दूरवर पोहोचवावे लागते, त्यामुळे माझ्या कामाला तिथे मागणी होती. फेब्रुवारी २०१७ मध्ये पुण्यात मुलाखत झाली आणि तीन आठवड्यांनी नोकरीचा देकार हातात पडला. महिन्याला एकूण ६५० रियाल. रियाल तेव्हा साधारण १७० रुपयांना होता. तो आकडा रुपयांत करून पाहिला आणि त्या रात्री मी आणि पत्नी दोघेही नीट झोपलो नाही.

दुसऱ्या दिवशी, पूर्वी कुवेतमध्ये नोकरी केलेल्या माझ्या मावसभावाला मी ते पत्र दाखवले. एकूण रकमेकडे त्याने पाहिलेही नाही. त्याने विचारले, "मूळ वेतन किती?" पत्रात मूळ वेतन ३०० रियाल होते आणि उरलेली रक्कम घरभाडे, वाहन व इतर भत्त्यांत विभागलेली होती. नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी मूळ वेतनावर मोजतात, हे मला तोवर माहीत नव्हते. त्या वेळच्या ओमानच्या कामगार कायद्यानुसार पहिल्या तीन वर्षांसाठी दरवर्षी पंधरा दिवसांचे आणि त्यापुढे दरवर्षी एक महिन्याचे मूळ वेतन मिळत असे. २०२३ मध्ये आलेल्या नव्या कायद्याने पहिल्या वर्षापासूनच एक महिन्याचे केले आहे, पण पाया आजही मूळ वेतनाचाच आहे. मी कंपनीला विनंती केली आणि दोन पत्रांनंतर, एकूण रक्कम तीच ठेवून, मूळ वेतन ३९० रियाल झाले. त्याच पत्रांमधून मी आणखी दोन गोष्टी लेखी मागून घेतल्या: वर्षाकाठी येण्याजाण्याचे तिकीट आणि व्हिसावर लिहिले जाणारे पदनाम. पदनाम ही वरवर किरकोळ वाटणारी गोष्ट आहे. मात्र व्हिसावर 'अभियंता' आहे की 'तंत्रज्ञ' यावर पुढे बरेच काही अवलंबून राहते, आणि एकदा छापलेले पदनाम बदलणे हे वेगळेच काम होऊन बसते.

मध्यस्थाला मला पैसे द्यावे लागले नाहीत, कारण कंपनीनेच तो खर्च केला होता. पण त्या काळात मुलाखतीच्या ठिकाणी भेटलेल्या काहींनी लाख-दीड लाख रुपये मोजल्याचे मी ऐकले. नोंदणीकृत मध्यस्थाने उमेदवाराकडून तीस हजार रुपये आणि त्यावरचा कर यापेक्षा अधिक शुल्क घेऊ नये, असा आपल्याकडचा नियम आहे. दहावी उत्तीर्ण नसलेल्यांच्या पासपोर्टवर उत्प्रवास तपासणीची अट असते आणि आखाती देशांत कामाला जाण्यापूर्वी त्यांना परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट प्रणालीतून मंजुरी घ्यावी लागते. ही मंजुरी टाळण्यासाठी पर्यटक व्हिसावर पाठवतो असे जो सांगेल, त्याच्यापासून दूर राहावे. तसे गेलेल्या माणसाच्या हातात तिथे कामाचा कुठलाच अधिकृत कागद नसतो आणि पगार थकला तर तक्रार तरी कशाच्या आधारावर करणार?

मग नावाचा प्रश्न उभा राहिला.

आपल्याकडे दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे नाव अशी मांडणी असते. माझी पदवीही तशीच होती. पासपोर्टवर मात्र माझे आणि वडिलांचे नाव एका रकान्यात आणि आडनाव दुसऱ्या रकान्यात होते. शिवाय वडिलांच्या नावाचे इंग्रजी स्पेलिंग गुणपत्रिकेवर एक आणि पासपोर्टवर दुसरे, एका अक्षराने वेगळे. आपल्याला यात काहीच खटकत नाही, कारण वाचताना नाव तेच ऐकू येते. ओमानमधल्या कंपनीने माझ्या पदवीवरून नाव उतरवून घेतले आणि व्हिसाचा अर्ज तयार केला, तो आडनाव आधी धरून. पासपोर्टशी जुळत नसल्याने तो परत आला. दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र, पासपोर्टची साक्षांकित प्रत आणि दुरुस्त अर्ज यात पाच आठवडे गेले. तेव्हा मला तो निव्वळ वेळेचा अपव्यय वाटला होता. माझ्याबरोबर निवड झालेल्या पुण्याच्याच एका अभियंत्याचे काय झाले ते पाहिल्यावर मात्र मी स्वतःला सुदैवी समजू लागलो. त्याच्या पदवीवरच्या नावात मोठी तफावत होती आणि विद्यापीठाकडून दुरुस्त प्रमाणपत्र येईपर्यंत २०१८ उजाडले. त्या जानेवारीत ओमानने स्थानिकांना रोजगार मिळावा म्हणून ८७ पदांसाठी परदेशी कामगारांचे नवे व्हिसे सहा महिने थांबवले. त्या यादीत यांत्रिकी अभियंता हे पदही होते. त्याचा देकार तिथेच विरला.

पदवीच्या साक्षांकनाची रीत देशागणिक बदलते, म्हणून आपण कुठे जाणार आहोत हे आधी नक्की हवे. अपोस्टिल म्हणजे करारातल्या सगळ्या देशांत कागद खरा मानला जावा यासाठीचा सरकारी दाखला. ओमान २०१२ पासून या कराराचा सदस्य आहे आणि भारत २००५ पासून, त्यामुळे राज्य पातळीवरच्या पडताळणीनंतर परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल मिळाले की काम भागते. संयुक्त अरब अमिरातीसारखा देश या करारात नाही, तिथे जाणाऱ्याला मंत्रालयानंतर दूतावासाचेही साक्षांकन लागते. मंत्रालय हे कागद थेट व्यक्तीकडून घेत नाही, त्याने नेमलेल्या संस्थांमार्फतच ते द्यावे लागतात. मूळ पदवी महिनाभर अनोळखी हातांत राहणार, या विचाराने मी अस्वस्थ होतो. ती परत आली तेव्हा तिच्या मागे एक छोटा चौकोनी कागद चिकटवलेला होता, त्यावर क्रमांक होता, आणि तेवढ्यासाठी सहा आठवडे लागले होते.

पत्नीच्या कागदांचा प्रश्न याहून अवघड होता. आमचे लग्न २००९ मध्ये झाले. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने तिचे नवे नाव लिहिले, आणि माहेरचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव असे तिन्ही एका दिवसात बदलले. आधार कार्डावर आणि बँकेत नवे नाव होते, दहावीपासून पदवीपर्यंतच्या सगळ्या कागदांवर जुने, आणि लग्नाआधी काढलेल्या पासपोर्टवरही जुनेच. लग्नाची नोंदणी आम्ही केलेलीच नव्हती. लग्नपत्रिका आणि फोटोंचा अल्बम एवढाच आमचा पुरावा होता. मग आधी विवाह नोंदणी, तिच्या आधारे राजपत्रात नावबदल, त्यानंतर नवा पासपोर्ट आणि शेवटी विवाह प्रमाणपत्राला अपोस्टिल, अशी ओळीने चार कामे करावी लागली. पासपोर्टच्या नियमांत डिसेंबर २०१६ मध्ये सवलत आली होती आणि विवाह प्रमाणपत्राची सक्ती गेली होती, त्यामुळे अनेकांचा समज असतो की आता ते लागत नाही. पासपोर्टला ते लागत नसेल, पण परदेशात कुटुंबाचा व्हिसा काढताना लागतेच. ताटात नाव लिहिले गेले तेव्हा ती हसून माझ्याकडे पाहत होती, ते मला आठवते. आठ वर्षांनी प्रतिज्ञापत्रावर 'पूर्वाश्रमीचे नाव' या रकान्यात तिने स्वतःचे जन्मनाव लिहिले, तेव्हा मात्र ती बराच वेळ गप्प होती. ती प्रथा आपण फार सहजपणे पाळतो, असे तेव्हापासून मला वाटत आले आहे.

वैद्यकीय तपासणी आखाती देशांच्या सामायिक व्यवस्थेतून होते. तेव्हा तिला गॅमका म्हणत, आता वाफिद म्हणतात आणि वेळ ऑनलाइन घ्यावी लागते. रक्त, लघवी, शौच, छातीचा एक्स-रे आणि सर्वसाधारण तपासणी असे तिचे स्वरूप असते. एचआयव्ही, कावीळ ब आणि क, क्षयरोग यांवर विशेष लक्ष असते. माझ्या आधी रांगेत चिपळूणकडचे एक वेल्डर होते. पन्नाशीला आलेले, हातावर जुन्या भाजल्याच्या खुणा असलेले आणि अतिशय मृदू बोलणारे. त्यांना वीस वर्षांपूर्वी क्षय झाला होता, औषधांचा पूर्ण क्रम घेऊन ते बरेही झाले होते. परंतु फुप्फुसावर राहिलेला जुना व्रण एक्स-रेमध्ये दिसला आणि त्यांच्या अहवालावर 'अपात्र' असा शेरा पडला. बरे झाल्याचे जुने कागद त्यांच्याजवळ होते, पण त्यांचा उपयोग झाला नाही. त्यांनी हातातली नोकरी आधीच सोडलेली होती. प्रमाणपत्र दुमडून खिशात ठेवताना ते मला म्हणाले, "दादा, घरी काय सांगू?" मला उत्तर सुचले नाही, आजही सुचत नाही. ज्यांना पूर्वी छातीचा आजार होऊन गेला आहे त्यांनी अर्ज करण्यापूर्वी स्वतःच्या खर्चाने एक्स-रे काढून डॉक्टरांना दाखवावा, आणि तपासणीचा निकाल व व्हिसा दोन्ही हातात येईपर्यंत कोणीही राजीनामा देऊ नये, हे मी भेटेल त्याला आवर्जून सांगतो.

पैशांच्या बाजूने तीन गोष्टी मी निघण्याआधी केल्या आणि एक राहून गेली. गृहकर्जाचे हप्ते आणि शेताच्या वाटणीची कामे धाकट्या भावाला पाहता यावीत म्हणून त्याच्या नावे मुखत्यारपत्र करून दिले. तेच मस्कतला जाऊन करायचे तर भारतीय दूतावासात जावे लागले असते. परदेशातली कमाई ठेवण्यासाठी अनिवासी भारतीयांचे एनआरई खाते उघडण्याची तयारी केली. आणि निघण्याची तारीख करसल्लागाराला विचारून ठरवली. नोकरीसाठी देश सोडणारा भारतीय नागरिक त्या आर्थिक वर्षात १८२ दिवसांपेक्षा कमी काळ भारतात राहिला असेल तर तो अनिवासी ठरतो आणि परदेशात केलेल्या कामाच्या, तिथेच मिळालेल्या पगारावर त्याला इथे कर पडत नाही. एप्रिलपासून मोजले तर ६ ऑगस्टपर्यंत माझे १२८ दिवस होत होते. तोच मी ऑक्टोबरमध्ये गेलो असतो तर त्या वर्षापुरता निवासी राहिलो असतो आणि ओमानच्या पगारावरही भारतात कर भरला असता. ओमानमध्ये वैयक्तिक आयकर नाही, हे आकर्षण खरे आहे. मात्र २०२५ मध्ये तिथे तसा कायदा झाला असून २०२८ पासून वर्षाला ४२,००० रियालच्या वरच्या उत्पन्नावर पाच टक्के कर लागणार आहे. माझ्यासारख्यांपर्यंत तो पोहोचत नाही. राहून गेलेली गोष्ट म्हणजे माझे जुने बचत खाते. अनिवासी झाल्यावर ते एनआरओ, म्हणजे अनिवासींच्या भारतातल्या उत्पन्नासाठीच्या, खात्यात बदलून घ्यायला हवे होते, ते मी दीड वर्षाने केले आणि तोवर बँकेत खुलासे देत बसलो.

निघताना आईने अनारसे केले होते. डब्यातून निम्मे काढून ठेवावेत की सगळेच, यावर घरात चर्चा झाली, कारण त्यांवर खसखस होती. खसखस अमिराती आणि सौदी अरेबियामध्ये निषिद्ध आहे आणि ती जवळ सापडल्यामुळे प्रवासी अडचणीत आल्याचे मी वाचले होते. ओमानच्या बाबतीत धोका पत्करायचा नाही असे ठरवून मी सगळे अनारसे घरीच ठेवले. आईला कारण पटले, पण डबा रिकामा करतानाचा तिचा चेहरा मला आवडला नाही. रक्तदाबाच्या गोळ्या मात्र डॉक्टरांच्या चिठ्ठीसह मूळ वेष्टनातच नेल्या.

मुंबईहून मस्कत अडीच-तीन तासांच्या अंतरावर आहे. घड्याळ दीड तास मागे घेतले. दाराबाहेर पाऊल टाकताच चष्म्याच्या काचा वाफेने भरून गेल्या, कारण ऑगस्टमध्ये तिथे पहाटेही समुद्राची दमट हवा अंगाला चिकटते. जून ते ऑगस्ट या काळात दुपारी साडेबारा ते साडेतीन उघड्यावर काम करून घेण्यास तिथल्या कायद्याने मनाई आहे. पहिल्याच आठवड्यात पंपगृहाबाहेर उभे राहिल्यावर त्या नियमामागचे कारण मला शरीरानेच समजले.

पहिले चार आठवडे माझ्याजवळ रहिवासी कार्ड नव्हते, आणि ते नसलेला माणूस तिथे जवळजवळ नसल्यासारखा असतो. बँक खाते उघडता येत नाही आणि घराचा करारही करता येत नाही. पुन्हा रक्ततपासणी आणि एक्स-रे झाला, रॉयल ओमान पोलिसांच्या कार्यालयात बोटांचे ठसे दिले, आणि मग कार्ड मिळाले. त्यावर माझे नाव अरबी लिपीतही होते. आमच्या कार्यालयातल्या एका वयस्क ओमानी सहकाऱ्याने ते वाचून दाखवले तेव्हा मला माझे आडनाव ओळखू आले नाही. अरबीत 'प' हे अक्षर नाही, त्याच्या जागी 'ब' लिहितात, त्यामुळे पाटीलचे बातील झाले होते. सहा महिने ज्या नावाच्या एकेका अक्षरासाठी मी झगडलो, ते शेवटी असे बदलून आले. पण कार्डाच्या इंग्रजी बाजूचे नाव पासपोर्टशी तंतोतंत जुळत होते आणि व्यवहारात तेच लागते.

त्या वयस्क ओमानी सहकाऱ्यामुळे मला मस्कत परके वाटले नाही. ते उत्तम हिंदी बोलत, घरी बलुची बोलत, आणि त्यांचे वडील रुपयांत व्यवहार करत असत. हे ऐकून मला आश्चर्य वाटले, म्हणून मी शोधून वाचले. आपल्या रिझर्व्ह बँकेने १९५९ पासून खास आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या होत्या आणि ओमानमध्ये रुपया १९७० पर्यंत चालत होता. रियालच्या हजाराव्या भागाला तिथे आजही बैसा म्हणतात, तो आपला पैसाच. मस्कतच्या रूवी भागातल्या ज्या घरात मी एका मल्याळी आणि एका गुजराती सहकाऱ्याबरोबर राहत होतो, तिथे जेवणाखाण्याची आबाळ कधी झाली नाही. रविवारी कामावर जायचे आणि शुक्रवार-शनिवार सुटी, एवढी सवय लागायला वेळ लागला. रमझानमध्ये दिवसा चारचौघांत पाणीही प्यायचे नाही, हे मात्र सहज अंगवळणी पडले.

वाहन परवान्याने माझी खरी परीक्षा घेतली. पुण्यात चौदा वर्षे गाडी चालवली होती, परंतु भारतीय परवान्यावर तिथे परवाना बदलून मिळाला नाही, सगळे नव्याने शिकावे लागले. रस्त्याची उजवी बाजू, चिन्हांची तोंडी परीक्षा, मग ड्रमची परीक्षा, चढाची परीक्षा आणि शेवटी पोलीस अधिकाऱ्याला शेजारी बसवून रस्त्यावरची परीक्षा. ड्रमच्या परीक्षेत उभ्या केलेल्या पिंपांमधून गाडी मागे घ्यायची असते आणि एकाही पिंपाला स्पर्श झाला की संपले. चढावर मध्येच थांबून, तसूभरही मागे न घसरता पुन्हा पुढे निघायचे असते. या दोन्ही मी पहिल्या प्रयत्नात पार केल्या. रस्त्यावरच्या परीक्षेत मात्र दोनदा नापास झालो. पहिल्यांदा चौकातल्या गोलाकार वळणात चुकीच्या मार्गिकेतून शिरलो, दुसऱ्यांदा मार्गिका बदलताना मान वळवून मागे न पाहता नुसत्या आरशावर विसंबलो. शिकवणारे ओमानी गृहस्थ साठीचे होते. ते म्हणाले, "तुम्ही लोक समोरचे फार छान बघता, बाजूचे बघत नाही." तिसऱ्या वेळी अधिकाऱ्याने काही न बोलता कागदावर सही केली. तोपर्यंत शिकवणीचे आणि टॅक्सीचे मिळून जवळजवळ एका महिन्याच्या भत्त्याएवढे पैसे गेले होते. सरळ, रुंद आणि वेगवान अशा सुलतान काबूस मार्गावर रोज गाडी चालवताना, त्या कडकपणाबद्दल मला आता तक्रार नाही.

एका गोष्टीबद्दल मात्र आहे. रुजू झालो तेव्हा कंपनीने व्हिसाच्या कामासाठी पासपोर्ट मागितला आणि रहिवासी कार्ड आल्यावरही 'सुरक्षित राहील' म्हणून तो कार्यालयाच्या तिजोरीतच ठेवला. कामगाराचा पासपोर्ट मालकाने असा ठेवून घेणे ओमानच्या नियमांना धरून नाही, हे मला ऐकून माहीत होते, पण नव्या नोकरीत विषय कशाला काढा म्हणून मी गप्प राहिलो. नोव्हेंबरमध्ये एका गुरुवारी रात्री भावाचा फोन आला. बाबांना हृदयविकाराचा झटका आला होता आणि त्यांना इचलकरंजीहून कोल्हापूरला हलवत होते. मस्कतहून मुंबईचे पहाटेचे विमान होते, तिकिटाचे पैसे होते, देश सोडायला कोणाच्या परवानगीची गरज नव्हती, आणि पासपोर्ट मात्र रविवारी उघडणाऱ्या कार्यालयात कुलपाआड होता.

त्या रात्री मी सात जणांना फोन केले. कागदपत्रांची सरकारी कामे पाहणारा कंपनीचा माणूस, ज्याला तिथे मंदूब म्हणतात, शुक्रवारी सकाळी गावी निझवाला होता. दुपारची नमाज आटोपून तो दीड-पावणेदोन तास गाडी चालवत आला, व्यवस्थापकाच्या घरून किल्ली घेतली आणि साडेचार वाजता पासपोर्ट माझ्या हातात ठेवला. "फिक्र मत करो, अल्ला खैर करेगा," असे म्हणून तो मला तसाच विमानतळावर सोडायला आला. त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही. पण ज्या विमानाने पहाटेच निघता आले असते ते चुकले ते चुकलेच. रात्रीच्या विमानाने मुंबई, तिथून रस्त्याने कोल्हापूर, आणि शनिवारी दुपारी मी रुग्णालयात पोहोचलो तेव्हा बाबांची शस्त्रक्रिया होऊन गेली होती. ते वाचले. आत नेण्यापूर्वी त्यांनी दोनदा माझे नाव घेतले होते, असे आईने नंतर सांगितले.

परत गेल्यावर पासपोर्ट मी जमा केला नाही. मला तो स्वतःजवळ ठेवायचा आहे असे मी लेखी कळवले, कायद्याचा उल्लेख केला आणि भाषा सौम्य ठेवली. कोणी विरोध केला नाही. पुढच्या महिन्यात आणखी नऊ जणांनी आपापले पासपोर्ट मागून घेतले.

कुटुंबाला आणण्याची तयारी डिसेंबरमध्ये सुरू केली. घर घुब्रा भागात घेतले. वर्षाचे भाडे पुढच्या तारखांच्या धनादेशांनी द्यायचे असते आणि धनादेश न वटणे हा तिथे फौजदारी गुन्हा आहे, त्यामुळे प्रत्येक धनादेशाची तारीख मी पगाराच्या तारखेनंतरची घातली. मुलीला दुसरीत प्रवेश हवा होता. मस्कतमधल्या भारतीय शाळांत एप्रिलपासून वर्ष सुरू होते आणि जागा सोडतीने मिळतात, म्हणून मार्चअखेर तिने पोहोचणे आवश्यक होते. तिच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी लागली, आणि त्या दाखल्यावर तिच्या आईचे नाव कोणते आहे हे मी सर्वांत आधी पाहिले. नवे होते. पासपोर्टशी जुळत होते.

त्या दोघी ३० मार्च २०१८ ला आल्या. विमानतळाची नवी इमारत दहाच दिवसांपूर्वी, २० मार्चला सुरू झाली होती. पत्नीने ढकलगाडीवर सगळ्यांत वर ती निळी फाईल ठेवली होती, जिच्यात विवाह प्रमाणपत्र, राजपत्राचे पान आणि अपोस्टिल होते. पुढच्या पंधरवड्यात पुन्हा तीच तपासणी, ठसे आणि रांग. नोकरी बदलायची तर जुन्या मालकाचे ना हरकत पत्र हवे, नाहीतर दोन वर्षे दुसऱ्या मालकाकडे परत येता येणार नाही, असा नियम तेव्हा होता. तो जानेवारी २०२१ मध्ये गेला. म्हणजे त्या एप्रिलमध्ये आमचे तिघांचे तिथले राहणे माझ्या एका नोकरीवर आणि एका कार्डावर टेकलेले होते. पत्नीचे कार्ड आले तेव्हा तिने आधी स्वतःच्या नावातले एकेक अक्षर तपासले. मी मागच्या बाजूची मुदत पाहिली, ती माझ्या कार्डापलीकडे जात नव्हती, आणि ती तारीख फाईलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली.